जुन्या ट्रॅक्टरचा क्लच : जुळणी, तपासणी व पुनर्बांधणी

पहिला पाऊस पडून जमिनीस वापसा आला म्हणजे पेरणीसाठी मोजकेच दिवस हाती असतात. अशा वेळी नांगर किंवा पाभर जोडलेला ट्रॅक्टर जागच्या जागी गुरगुरत राहिला, तर होणारे नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चाचे नसते, हंगामाचेही असते. फरिदाबादेस 1959 पासून तयार होऊ लागलेले आयशर किंवा 1963 साली मुंबईत स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचे बी-275 यांसारखी जुनी यंत्रे ज्यांनी जपली आहेत, त्यांनी क्लचची रचना समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

क्लचचे कार्य

इंजिनाच्या फ्लायव्हीलला प्रेशर प्लेट बोल्टांनी बसविलेली असते. या दोहोंमध्ये दोन्ही अंगांस अस्तर लावलेली क्लच प्लेट असते व ती गियरबॉक्सच्या दांड्यावर खाचांत सरकते. भक्कम स्प्रिंगा प्रेशर प्लेटला दाबून धरतात, त्यामुळे इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटच्या बोटांना रेटते. दाब सुटतो, प्लेट मोकळी होते आणि गियर बदलता येतो.

पेडलची मोकळी चाल

पेडल हाताने हळूहळू दाबावे. प्रथम ते सहज खाली जाते व नंतर जोर लागू लागतो. या पहिल्या अंतरास मोकळी चाल म्हणतात. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांत ती पाऊण ते सव्वा इंच, म्हणजे सुमारे 20 ते 30 मि.मी. असते, तथापि आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतील माप हेच प्रमाण मानावे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. अस्तर झिजते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, तिची बोटे मागे येतात आणि मोकळी चाल आपोआप कमी होत जाते. ती संपली म्हणजे बेअरिंग सतत बोटांवर टेकून फिरते, स्प्रिंगांचा पूर्ण दाब प्लेटवर पडत नाही व क्लच घसरू लागतो. म्हणून पेडलच्या दांडीवरील कुलूप-नट सैल करून दांडीची लांबी बदलावी, चाल पुन्हा मोजावी आणि नट घट्ट आवळावा. कित्येकदा एवढ्या अल्प श्रमाने ट्रॅक्टर उघडण्याचा खर्च टळतो. पी.टी.ओ.साठी दुहेरी क्लच असल्यास त्याच्या दुसऱ्या टप्प्याची जुळणी स्वतंत्रपणे, पुस्तिकेप्रमाणे करावी.

दोष ओळखण्याची रीत

इंजिनाचा वेग वाढतो, पण ट्रॅक्टर ओढत नाही व जळका वास येतो, हे क्लच घसरण्याचे लक्षण होय. पेडल पूर्ण दाबूनही गियर खरखर करीत पडत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही. मोकळी चाल प्रमाणाबाहेर वाढली आहे काय ते प्रथम पाहावे. पेडल दाबताच घरघर सुरू होत असेल, तर बहुधा रिलीज बेअरिंग गेले आहे असे समजावे. ट्रॅक्टर सोडताना हिसके बसत असतील, तर अस्तरास तेल लागले असण्याचा संभव असतो.

क्लच उघडताना

जुळणी करूनही घसरणे थांबले नाही, तर ट्रॅक्टर इंजिन व गियरबॉक्स यांच्या जोडावर विभागावा लागतो. हे काम अनुभवी मिस्त्रीच्या देखरेखीखालीच करावे. जमीन सपाट व टणक असावी. पुढचा भाग कलंडू नये म्हणून पुढील आसाच्या दोन्ही बाजूंस लाकडी पाचरी ठोकाव्यात आणि दोन्ही भागांस भक्कम घोड्यांचा आधार द्यावा. केवळ जॅकवर विसंबू नये.

जुन्या अस्तरांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास कर्करोगासारखे दुर्धर विकार वर्षांनंतर उद्भवतात. म्हणून ही धूळ फुंकून किंवा हवेच्या दाबाने कधीही उडवू नये, कोरडा झाडूही मारू नये. मुखपट्टी लावून ओल्या फडक्याने ती पुसावी व फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे. मुलांना जवळ येऊ देऊ नये. नवे अस्तर घेताना ते ॲस्बेस्टॉसविरहित असल्याची खात्री करावी.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, एका वेळी एकेक फेरा असे सैल करावेत. एकाच बाजूचे बोल्ट आधी काढल्यास स्प्रिंगांच्या जोराने प्लेट वाकते. क्लच प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे होती, याची खूण काढण्यापूर्वीच करावी.

पुनर्बांधणी

रिव्हेटांची डोकी अस्तराच्या पृष्ठभागाजवळ आली असतील, तर अस्तर किंवा संपूर्ण प्लेट बदलावी. तेलाने भिजलेले अस्तर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसविणे व्यर्थ होय. शिवाय इंजिनाचे अथवा गियरबॉक्सचे गळके ऑइल सील न बदलता नवी प्लेट घातली, तर तीही भिजेल. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे असल्यास तो लेथवर साफ करून घ्यावा. खोल तडे असल्यास बदलावा. मधले पायलट बेअरिंग व रिलीज बेअरिंग याच वेळी नवीन घालणे किफायतशीर ठरते. बंद रिलीज बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊ नये. आतील ग्रीस निघून जाते.

बसविताना दांड्याच्या खाचांस ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. प्लेट मध्यभागी येण्यासाठी जुना दांडा किंवा लाकडी ठोकळा वापरावा आणि मगच बोल्ट समोरासमोरचे आवळावेत. प्रेशर प्लेटची सर्व बोटे एकाच उंचीवर आहेत, हे मापून पाहावे. अन्यथा क्लच हिसके देतो. शेवटी मोकळी चाल पुन्हा जुळवावी, कारण नव्या अस्तराने ती बदललेली असते.

नित्य काळजी

चालविताना पेडलवर पाय टेकवून ठेवू नये. अवजड अवजार ओढताना अर्धा क्लच दाबून वेग राखण्याऐवजी खालचा गियर घ्यावा. ट्रॅक्टर पुष्कळ दिवस उभा ठेवावयाचा असल्यास पेडल दाबून अडकवून ठेवावे. दमट हवेत प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटत नाही. मोकळी चाल हंगामापूर्वी एकदा व हंगामात अधूनमधून मोजावी. या मोजणीस पट्टी व पाच मिनिटे पुरतात.