हाफकिन : दूरदेशातून आला आणि मुंबईला प्लेगची लस देऊन गेला

परळच्या हाफकिन संस्थेचं नाव आपल्या घरात पोलिओच्या थेंबांमुळे पोहोचलेलं आहे. पण हाफकिन हे एका माणसाचं नाव, आणि तो माणूस ना हिंदुस्थानी होता ना इंग्रज, हे थोड्यांनाच ठाऊक असतं.

वाल्देमार हाफकिन १८६० साली काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका यहुदी कुटुंबात जन्मले. तिथे तेव्हा रशियाच्या झारची हुकूमत होती. हुशारी असूनही यहुदी म्हणून त्यांना प्राध्यापकी मिळेना. धर्म बदलला असता तर वाट मोकळी झाली असती, पण त्यांनी तो बदलला नाही. १८८८ मध्ये त्यांनी वतन सोडलं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जागा मिळाली ती ग्रंथालयातली. तिथेच राहून त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते कलकत्त्याला आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सरकारने हाफकिन यांना बोलावून घेतलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात तात्पुरती प्रयोगशाळा उभी राहिली, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. रश्श्यासारख्या द्रवात तुपाचे थेंब टाकून ते प्लेगचे जंतू वाढवत आणि मग उष्णता देऊन मारत. मेलेले जंतू आजार देत नाहीत, पण शरीराला दुश्मनाची ओळख करून देतात. खरा जंतू आला की शरीर आधीच तयार असतं. १० जानेवारी १८९७ रोजी ही लसही त्यांनी आधी स्वतःला टोचली, तीही मोठ्या मात्रेत. ताप आला, अंग दुखलं आणि ते बरे झाले. ही लस शंभर टक्के संरक्षण देत नव्हती, पण आजार आणि मृत्यू दोन्ही कमी करत होती.

तरीही लोक घाबरत होते, आणि त्याला कारणही होतं. प्लेगच्या नावाखाली पथकं घरात घुसत, पर्दानशीन बायकांची तपासणी करत, आजाऱ्याला उचलून नेत. १८९७ मध्ये मुंबईहून हजला जाणंही बंद झालं. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात एका आजारी मुलीला तपासायला पथक आलं, तेव्हा मोमिन विणकरांनी विरोध केला. दंगल पेटली, गोळीबार झाला. जबरदस्तीने साथ आटोक्यात येत नव्हती, वर सरकारवरचा भरवसा मात्र उडत होता.

विश्वास आला तो वेगळ्या मार्गाने. खोजा इस्माइली जमातीचे इमाम सर सुलतान मुहंमद शाह आगाखान तेव्हा विशीच्या आसपास होते. त्यांनी हाफकिन यांना कामासाठी आपला बंगला दिला आणि लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली. आपला माणूस पुढे झालेला बघून जमातीतले हजारो लोक लस घ्यायला आले.

ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांचं पद गेलं. खरं तर दोष प्रयोगशाळेचा नव्हता. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा कुठे १९०७ मध्ये त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. पण पूर्वीचा मान परत मिळाला नाही. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांचं निधन झालं. आयुष्यभर सायन्स केलेला हा माणूस अखेरपर्यंत आपल्या धर्माचा पाबंद होता.

ही सगळी हकीकत आज सांगायचं कारण आहे. २०२२ मध्ये गोवंडीत गोवराची साथ आली आणि मुलं दगावली. त्यांतल्या अनेकांना लस मिळालेलीच नव्हती. शाळेत लसीकरणाचा दिवस असला की मुलाला घरी ठेवणारे पालक आम्हा शिक्षकांना आजही भेटतात. गंमत म्हणजे हजला जाताना मेनिंजायटिसची लस आपण सगळेच बिनतक्रार घेतो.

शंका असणं गैर नाही. ती डॉक्टरांना विचारा. सुई नवी आहे का, बाटलीवरची तारीख कोणती, ताप आला तर काय करायचं, हे विचारणं तुमचा हक्कच आहे. मुलकोवालचा धडाही तोच आहे. पण शंकेचं उत्तर मिळाल्यावर मुलाला लस द्या. गोवराचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. आणि मोहल्ल्यात ज्यांचा शब्द चालतो, त्या इमामसाहेबांनी, उस्तादांनी, डॉक्टरांनी आपल्या घरातल्या मुलांना आधी पुढे करावं. लोक ऐकण्यापेक्षा बघून शिकतात.