खांदेरीच्या होड्या आणि सल्लागारांची टीम

बदलतं व्यवस्थापन : लेखांक 6

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून समुद्रात दोन बेटं दिसतात, खांदेरी आणि उंदेरी. 1679 च्या पावसाळ्याअखेरीस मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसं घेऊन खांदेरीवर उतरला आणि शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं तिथे तटबंदी उभारू लागला. मुंबई बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला होणं ईस्ट इंडिया कंपनीला परवडणारं नव्हतं. तिनं बेटाची नाकेबंदी करायला जहाजं धाडली.

जहाजं मोठी, तोफा भारी. पण वारा पडला की ती जागची हलेनात आणि उथळ पाण्यात त्यांना शिरता येईना. मराठ्यांच्या होड्या वल्ह्यांवर चालत. रात्रीच्या अंधारात धान्य, दारूगोळा आणि ताज्या दमाची माणसं घेऊन त्या बेट गाठत. 18 ऑक्टोबरला दौलतखानाच्या हाताखालच्या मराठी आरमारानं दिवसाउजेडी हल्ला चढवला. कंपनीचं ‘डव्ह’ जहाज हाती लागलं, पण ‘रिव्हेंज’च्या तोफांपुढे मराठी गलबतांना मागे फिरावं लागलं. समोरासमोरच्या लढाईत लहान आकार कामी आला नाही. तो कामी आला रात्रीच्या खेपांत, आणि त्या खेपा शेवटपर्यंत थांबल्या नाहीत. 1680 च्या आरंभी कंपनीनं आपली जहाजं माघारी बोलावली.

खांदेरी घ्यायची, हे महाराजांनी ठरवलं. पण भरती कधी आहे, वारा कुठला आहे, शत्रूचं जहाज कुठे उभं आहे, हे पाहून आज होडी सोडायची की नाही, हे सह्याद्रीच्या कुशीतल्या रायगडावरून सांगणं शक्यच नव्हतं. ते किनाऱ्यावरच ठरणार.

आजच्या ‘अजाइल’ कार्यपद्धतीचा गाभा हाच आहे. 2001 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात 17 सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी तिचा जाहीरनामा लिहिला. लहान टीम, कामाचे छोटे टप्पे, प्रत्येक टप्प्यानंतर ग्राहकाला दाखवून दुरुस्ती. व्यवस्थापन सल्लागार कंपन्यांनी ती जगभर नेली. पण भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लागतात, रोज सकाळी उभ्या-उभ्या बैठक होते आणि निर्णय मात्र वरच्याच मजल्यावर अडकून राहतो. अशा ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या वाट्याला फक्त एक बैठक जास्त येते.

खुद्द सल्लागारांच्या टीम कशा चालतात? हार्वर्डच्या लेस्ली पर्लो यांनी बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपमध्ये एक प्रयोग केला. टीममधल्या प्रत्येकानं आठवड्यातून एक संध्याकाळ काम आणि फोन पूर्ण बंद ठेवायचा. शिवाय दर आठवड्याला एकत्र बसून काम कसं चाललंय, कुणावर ताण येतोय, हे मोकळेपणानं बोलायचं. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष ऐकण्यासारखे आहेत. एकजण नसताना दुसऱ्याला त्याचं काम ठाऊक असणं भागच पडलं. त्यामुळे टीममधला संवाद वाढला, नियोजन सुधारलं, आणि कामाचा दर्जा घसरला नाही. कनिष्ठ सल्लागारही अडचण उघडपणे सांगू लागले. टीमला वेग येतो तो इथून, कारण पाणी उथळ झालंय हे ज्याला आधी दिसतं, त्याला ते बोलायची भीती उरत नाही.

नेदरलँड्समधल्या आयएनजी बँकेनं 2015 मध्ये मुख्यालयातल्या सुमारे साडेतीन हजार कर्मचाऱ्यांची ‘अजाइल’ पद्धतीनं नऊ-नऊ जणांच्या पथकांत फेरमांडणी केली. त्यासाठी सर्वांना आपापल्या जागेकरता नव्यानं अर्ज करावा लागला. त्या बदलाची हकिकत पुढच्या लेखांकात.