रुग्णशय्येपाशी घडणारी विद्या

दिल्लीत मूलचंदच्या चौकानजीक, लाजपतनगरच्या हद्दीत, राजकुमारी अमृत कौर परिचर्या महाविद्यालयाची वास्तू आहे. राजधानीचे किल्ले आणि मकबरे पाहावयास निघालेल्या प्रवाशाचे तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. तथापि रुग्णसेवा ही केवळ हातोटीची बाब नसून विद्यापीठाने पदवी द्यावी अशी विद्या आहे, ही गोष्ट या देशात ज्या दोन ठिकाणी प्रथम मान्य झाली, त्यांपैकी एक वेल्लोर आणि दुसरे हे. दोन्हींकडे पदवीचा वर्ग १९४६ सालीच सुरू झाला.

त्याच वर्षी देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. तीस कोटींच्या लोकवस्तीस जेमतेम सात हजार परिचारिका, म्हणजे त्रेचाळीस हजार माणसांमागे एक, असा हिशेब तिने सरकारपुढे मांडला होता. तोवर परिचारिका घडत असे ती इस्पितळाच्या आश्रयाने. शिक्षण हे नाव, आणि वॉर्डातील पडेल ते काम हा व्यवहार. दिल्लीत १९४३ साली परिचर्या-प्रशासनाचे एक विद्यालय निघाले होते. त्यातूनच पुढे दिल्ली विद्यापीठाशी संलग्न असे हे महाविद्यालय आकारास आले, आणि कालांतराने स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्र्यांचे नाव त्यास देण्यात आले. मार्गारेटा क्रेग आणि त्यांच्यामागून एडिथ बुकॅनन यांच्यासारख्या प्राचार्या त्यास लाभल्या. शहरातील इस्पितळांबरोबरच नजफगढकडील छावला या खेड्यातही महाविद्यालयाने आपले केंद्र थाटले. इस्पितळाची पायरी न चढणारा रुग्णही विद्यार्थिनींच्या दृष्टीस पडावा, हा त्यामागील हेतू होता.

१९५९ साली येथे परिचर्येची पदव्युत्तर पदवी सुरू झाली, ती देशातील पहिली. १९८६ साली एम.फिल.ही आले. हा विस्तार अभिमानास्पद खरा, परंतु त्याच्या पोटात एक विसंगती दडलेली होती. पदव्युत्तर शिक्षण घेतलेली परिचारिका अध्यापिका होई, अधीक्षिका होई, सरकारी दप्तरात हुद्देदार होई. म्हणजे जितकी विद्या अधिक, तितकी ती रुग्णाच्या खाटेपासून दूर. बढतीची वाट वॉर्डाबाहेर जाणारी असल्यामुळे सर्वांत जाणत्या परिचारिकेचा हात सर्वांत अत्यवस्थ रुग्णास क्वचितच लागे.

या विसंगतीवर उतारा म्हणून, दिल्लीतच कचेरी असलेल्या भारतीय परिचर्या परिषदेने २०१६ च्या सुमारास ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’, म्हणजे अत्यवस्थ रुग्णाच्या उपचारातील काही निर्णय स्वतः घेऊ शकणारी परिचारिका घडविणारा, हा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आखला. प्रवेशेच्छू परिचारिका बी.एस्सी. नर्सिंग झालेली, नोंदणीकृत आणि किमान एक वर्ष प्रत्यक्ष रुग्णसेवा केलेली असावी, अशी अट आहे. प्रगत शरीरक्रिया, विकृतिविज्ञान, औषधशास्त्र आणि शरीरतपासणी हे विषय आहेतच. परंतु वेळेची वाटणी अशी, की सुमारे एक पंचमांश भाग वर्गाचा आणि उरलेला चार पंचमांश अतिदक्षता विभागातील प्रत्यक्ष कामाचा.

त्या कामाचे स्वरूप एका उदाहरणाने कळेल. जंतुदोष रक्तात पसरलेला रुग्ण व्हेंटिलेटरवर आहे आणि मॉनिटरवर त्याचा सरासरी रक्तदाब ६५ च्या खाली घसरला आहे. जुन्या वहिवाटीप्रमाणे सिस्टरने आकडा लिहावा, डॉक्टरांस निरोप धाडावा आणि हुकमाची वाट पाहावी. नव्या अभ्यासक्रमातील विद्यार्थिनीने मात्र हातपाय गार पडले आहेत काय हे पाहावयाचे, छातीला स्टेथोस्कोप लावून फुप्फुसात पाणी साचल्याची चाहूल घ्यावयाची, तासाला लघवी किती झाली याचा मेळ घालावयाचा, धमनीतील रक्ताच्या अहवालावरून आम्लता वाढली की कर्बवायू साठला याचा निवाडा करावयाचा, आणि मग इस्पितळाने लेखी मंजूर केलेल्या स्थायी आदेशांच्या चौकटीत सलाइनचा अथवा नॉरअ‍ॅड्रिनलिनचा वेग बदलून त्याचे कारण डॉक्टरांपुढे मांडावयाचे. अशा प्रत्येक कौशल्याची नोंद लॉगबुकात होते आणि तिच्याखाली शिक्षकाची सही पडते. चरकाने परिचारकाचे जे चार गुण सांगितले, त्यांत उपचाराचे ज्ञान आणि दक्षता यांना रुग्णाविषयीच्या अनुरागाइतकेच स्थान आहे, हे येथे आठवते. आपण मात्र आजवर अनुरागाचेच गोडवे गात आलो.

नर्स प्रॅक्टिशनर या कल्पनेचा उगम १९६५ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात झाला. लॉरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी तो पहिला अभ्यासक्रम रचला, तो जेथे डॉक्टर पोहोचत नव्हता तेथील मुलांसाठी. आपण मात्र आरंभ केला तो जेथे डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो, त्या अतिदक्षता विभागातून. हे धोरण सावध आहे. आणि अर्धवट ज्ञानावर औषधयोजना होईल ही वैद्यकवर्गाची धास्तीही सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. मूळ हेतूच्या अधिक जवळ जाते ती २०१८ सालच्या केंद्रीय मार्गदर्शिकेने आणलेली, अठरा महिने प्रशिक्षित झालेली प्रसूतिसेवेतील नर्स प्रॅक्टिशनर.

परंतु सनद एक आणि अखत्यार दुसरा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने नर्स प्रॅक्टिशनरांचा स्वतंत्र संवर्ग निर्माण करण्याची शिफारस केली. २०२३ साली १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदाही आला. तरीही औषध नियमांनुसार ‘एच’ परिशिष्टातील औषध नोंदणीकृत वैद्यकाच्या चिठ्ठीवाचून दुकानातून मिळत नाही, आणि त्या वैद्यकाच्या व्याख्येत परिचारिका बसत नाही. हुद्दा, वेतनश्रेणी आणि कायद्याने आखून दिलेली मुभा, या तिन्हींवाचून दोन वर्षांची ही खडतर उमेदवारी म्हणजे शिकलेल्या हातांना पुन्हा निरोप्याचे काम देणे होय. आरोग्य हा विषय घटनेने राज्यांकडे सोपविलेला असल्यामुळे नर्स प्रॅक्टिशनरांची पदे मंजूर करण्याचा मोठा भार राज्यांवर पडतो. तेव्हा महाराष्ट्राने दिल्लीच्या फर्मानाची वाट न पाहता आपल्या जिल्हा रुग्णालयांपासून त्यास प्रारंभ करावा, हेच इष्ट.