हिंगणीचं वारं महिन्यागणिक का फिरतं?

विदर्भातल्या बोर धरणाजवळच्या हिंगणीत मे महिन्यात, नवतप्याच्या सुमारास, वायव्येकडून कोरडे, तापलेले वारे येतात. पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तापलेल्या जमिनीवर हवेचा दाब उतरतो आणि समुद्रावरची दमट हवा आत ओढली जाते. साधारण जूनच्या मध्यावर मोसमी पाऊस विदर्भात पोचतो.

अरबी समुद्राकडच्या वाऱ्यांचं बरंचसं पाणी सह्याद्रीवरच रितं होतं. त्यामुळे जुलै-ऑगस्टमधली झड बहुधा बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे लागते. राजस्थान ते उपसागर असा पसरलेला कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला, की इकडे उघाड पडते, सोयाबीन माना टाकतं.

ऑक्टोबरात पाऊस परततो; कापूस वेचणीला कोरडी हवा मिळते. डिसेंबर-जानेवारीतला उत्तरेचा गारठा हरभऱ्याला मानवतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र वर थंड, कोरडी आणि खाली उपसागराची दमट हवा अशी गाठ पडली, तर गारपीट होऊन काढणीला आलेलं पीक झोपतं.

पावसाळ्यातल्या अशा उघाडीमुळेच शेतकऱ्याला महिन्याच्या एकूण पावसाइतकाच दोन पावसांमधला खंड महत्त्वाचा.