एक वेताळ, अनेक देश

मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ नावाची चित्रकथांची माला सुरू केली. ती मराठीसह अनेक भारतीय भाषांत निघत असे आणि १९९० पर्यंत चालली. तिच्यातील सर्वांत आवडता नायक मात्र परदेशी होता. ली फॉक ह्या अमेरिकन लेखकाने १९३६ साली वृत्तपत्रांसाठी तो निर्माण केला होता. अंगाला घट्ट बसणारा पोशाख, डोळ्यांवर मुखवटा आणि घनदाट अरण्यातील कवटीच्या आकाराच्या गुहेत वास्तव्य, असे त्याचे रूप. पिता मरण पावला की पुत्र तोच पोशाख धारण करी. म्हणून अरण्यवासीयांना तो अमर वाटे. इंग्रजीत त्याचे नाव ‘फँटम’, म्हणजे भूत किंवा छायापुरुष.

हे नाव मराठीत कसे आणावे? ‘भूत’ म्हटले असते तर वाचक भ्याले असते, नाहीतर हसले असते. मराठीत तो ‘वेताळ’ झाला. वेताळ हा भुतांचा राजा खरा, परंतु तो गावाचा राखणदारही आहे. त्याचे शेंदूर माखलेले ठाणे कित्येक गावांच्या शिवेवर आढळते. पुण्यात तर एका टेकडीलाच त्याचे नाव आहे. जुन्नर तालुक्यातील निमगाव सावा घ्या, की कोकणातील एखादे खेडे, तेथील वाचकाला वेताळ कोण हे समजावून सांगावे लागत नाही. बंगाली भाषांतरकाराने दुसरी वाट धरली. तेथे हाच नायक ‘अरण्यदेव’ झाला आणि त्याच्या नावातील भुताची छाया पार नाहीशी झाली!

नावांचा प्रश्न एवढ्यावर संपला नाही. मूळ कथेत समुद्रावरील चाच्यांच्या टोळीचे नाव ‘सिंग’ होते आणि नायकाच्या पित्याचा घात करणारा दुष्ट ‘रामा’ होता. अमेरिकेतील वाचकाला ही केवळ दूरदेशीची नावे वाटली असतील. येथे ती शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावे आहेत. म्हणून भारतीय आवृत्तीत सिंगचे ‘सिंगा’ झाले, रामाचा ‘रामालू’ झाला आणि बंगालची आठवण करून देणाऱ्या देशाला ‘डेंकाली’ हे नाव मिळाले. हे फेरफार झाले नसते, तर येथील मुलांना ती कथा इतक्या मोकळ्या मनाने वाचता आली असती काय?

चित्र तरी सर्वत्र एकच राहिले असेल, असे वाटते. पण तेही राहिले नाही. अमेरिकेत नायकाचा पोशाख जांभळा ठरला, तर इटली, तुर्कस्तान आणि ब्राझील येथे तो तांबडा झाला. तुर्की भाषेत तर त्याचे नावच ‘तांबडा मुखवटा’ असे पडले. स्वीडनमध्ये तो निळा. तेथे १९५० साली त्याचे स्वतंत्र नियतकालिक निघाले आणि पुढे त्यासाठी नव्या कथाही रचल्या जाऊ लागल्या.

सर्वांत नवलाची हकीकत पापुआ न्यू गिनी ह्या बेटावरील देशातली आहे. तेथील टोक पिसिन भाषेच्या वृत्तपत्रात ही चित्रकथा छापली जाई. पुढे तेथील डोंगराळ वाघी खोऱ्यात टोळ्याटोळ्यांत लढाया पेटल्या, तेव्हा काही योद्ध्यांनी आपल्या ढालींवर ह्याच नायकाचे चित्र रंगविले. जो मरत नाही, त्याची आकृती समोर असली म्हणजे शत्रूचा बाण काय करणार, अशी त्यांची भावना. करमणुकीची कथा तेथे रक्षणाचे चिन्ह बनली. अशा काही ढाली आज वस्तुसंग्रहालयांत ठेवलेल्या आहेत.

भाषांतरित चित्रकथा निरनिराळ्या देशांत कशा स्वीकारल्या जातात, ह्यावर विद्यापीठांतून संशोधन होते. त्याविषयी प्रबंध लिहून पीएच. डी. ही पदवीही मिळविता येते. ‘एवढ्याशा चित्रकथेसाठी प्रबंध?’ असे कोणी विचारील. पण हे काम सोपे नाही. अभ्यासकाला मूळ अंक व भाषांतर शेजारी शेजारी ठेवून प्रत्येक चौकट ताडून पाहावी लागते. कोणते नाव बदलले, कोणते चित्र गाळले, लांब मराठी वाक्य त्या चिमुकल्या फुग्यात बसविण्यासाठी कोणते शब्द कापले, हे सारे तो टिपून ठेवतो. परंतु वाचकाच्या मनात काय घडले, हे अंकात छापलेले नसते. अंक हातोहात फिरून फाटत, रद्दीत जात. म्हणून हे अंक लहानपणी वाचलेल्या आणि आता प्रौढ झालेल्या माणसांना गाठावे लागते. वेताळाचा पोशाख कोणत्या रंगाचा होता, डेंकाली कोठे असेल असे वाटे, असे साधेच प्रश्न विचारून अभ्यासक त्यांची उत्तरे उतरून घेतो.