निजलेला पोलीस

वाराणसीतील दुर्गाघाट ही जुन्या मराठी वस्तीची जागा. पेशव्यांना गुरुस्थानी असलेले नारायण दीक्षित पाटणकर यांचे नाव या घाटाशी निगडित आहे. तेथील गल्ल्या इतक्या अरुंद आणि वळणावळणाच्या आहेत की, मोटार मागे रस्त्यावरच सोडावी लागते. दुचाकी आत शिरते खरी, परंतु कोपऱ्यापलीकडे गाय उभी आहे की कोणी म्हातारी येत आहे हे दिसत नसल्यामुळे चालक आपण होऊनच वेग उतरवतो. वेगाला आवर घालण्याचे काम तेथे गल्लीच करते.

उपनगरांत नेमके याच्या उलट असते. रुंद व सरळ रस्ता चालकाला वेगाचा मोह पाडतो. मग शाळेपुढे एखादा अपघात होतो, रहिवासी मागणी करतात आणि रस्त्यावर आडवा गतिरोधक उभा राहतो. इंग्लंडात त्याला गमतीने 'निजलेला पोलीस' म्हणतात.

या पोलिसाविषयी चालक कुरकुर करतात, ती सर्वस्वी अनाठायी नाही. इंग्लंडातील वाहतूक व रस्ते संशोधन प्रयोगशाळेतर्फे वॉट्स यांनी 1973 साली आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उंचवटा आखूड असेल, तर वेगवान मोटारीचे चाक क्षणार्धात वर जाऊन खाली येते. तो धक्का टायर व स्प्रिंगा पचवून टाकतात आणि आतल्या माणसाला फारसा जाणवत नाही. उंचवटा लांब असेल, तर सबंध गाडीच त्यावर चढते. मग वेग जितका अधिक, तितका हिसकाही अधिक. म्हणून त्यांनी सुमारे 3.7 मीटर लांबीचा, कमानीसारखा गोलसर उंचवटा सुचविला. इंडियन रोड्स काँग्रेसने 1988 साली दुय्यम रस्त्यांसाठी जवळपास हीच मापे घेतली : लांबी 3.7 मीटर, उंची 10 सेंटीमीटर, वक्रतेची त्रिज्या 17 मीटर. तो ताशी 25 किलोमीटर वेगाने सुखाने ओलांडता यावा, त्यावर पट्टे असावेत आणि 40 मीटर अलीकडे सूचनाफलक असावा, अशी अपेक्षा आहे.

पुष्कळदा प्रत्यक्षात दिसतो तो हातभर रुंदीचा डांबराचा ढीग. ना रंग, ना फलक. तो सावकाश जाणाऱ्याला हिसका देतो आणि भरधाव मोटारीला जवळजवळ मोकळे सोडतो. स्कूटरवर मागे बसलेल्याचे आणि रुग्णवाहिकेतील रुग्णाचे हाल तर विचारूच नयेत. 2015 सालच्या सरकारी अहवालात गतिरोधकांच्या ठिकाणी झालेल्या अपघातांत 3,000 हून अधिक मृत्यू नोंदलेले आहेत.

कायदा याहून सावध आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 183 व्या कलमान्वये एकट्या साक्षीदाराला गाडी वेगात आहे असे वाटले, एवढ्यावर कोणाला दोषी ठरविता येत नाही. त्या मताला यंत्राच्या मोजमापाचा आधार लागतो. 2019 च्या दुरुस्तीने हलक्या वाहनाचा दंड 1,000 ते 2,000 रुपये झाला, पण ही अट राहिली. डांबराच्या पोलिसाला मात्र पुरावा लागत नाही, आणि त्याच्यापुढे दादही मागता येत नाही.

2018 साली रोड्स काँग्रेसने ही मार्गदर्शिका नव्याने काढली. तीत उंचवट्याबरोबरच रस्ता अरुंद करणे, त्याला मुद्दाम वळण देणे अशा उपायांचाही विचार आहे. पण त्यासाठी रस्ता नव्याने आखावा लागतो. डांबर ओतायला एक रात्र पुरते.