सुभेदाराच्या खलित्यापासून केडगावच्या छापखान्यापर्यंत

इसवी सन 112 च्या सुमारास काळ्या समुद्राच्या दक्षिण तीरावरील बिथिनिया-पाँतस या रोमन सुभ्याचा अंमल पाहणाऱ्या प्लिनीने बादशहा ट्राजन यास एक खलिता धाडून, ख्रिस्ती म्हणून पकडून आणलेल्या इसमांचे काय करावे याविषयी हुकूम मागितला. त्या खलित्यात, पंथ सोडून गेलेल्यांची कैफियत आधी ऐकून घेतल्यावर तिची शहानिशा करण्यासाठी आपण दोन दासींच्या जबान्या यातना देऊन घेतल्या, त्या दोघींना त्यांच्या मंडळीत सेविका हे पद होते, आणि त्यांतून बेसुमार अंधश्रद्धेपलीकडे काही हाती लागले नाही, असे त्याने जाता जाता नमूद केले आहे. त्यांची नावे लिहून ठेवण्याचे त्याला प्रयोजन वाटले नाही. पण मंडळीचे अंतरंग ज्यांना ठाऊक असणार असे त्याला वाटले त्या या दोन गुलाम स्त्रिया होत्या, आणि ही साक्ष विरुद्ध पक्षाच्या दप्तरातली असल्यामुळे, पुढे भाविकांनी रचलेल्या संतचरित्रांपेक्षा आम्ही तिला अधिक मोल देतो.

मंडळीच्या स्वतःच्या कागदपत्रांतही हेच दिसते. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय म्हणजे निव्वळ सलामांची यादी, म्हणून वाचक तो बहुधा ओलांडून जातात. परंतु करिंथचे पूर्वेकडील बंदर जे किंख्रिया, तेथील मंडळीची सेविका फीबी हिची शिफारस त्याच्या आरंभीच आहे, ती पुष्कळांची आणि खुद्द पौलाची आश्रयदात्री असल्याची कबुली आहे, आणि हे पत्र तिनेच रोमला पोहोचवले असावे असा अनेक विद्वानांचा तर्क आहे. फीबीसह किमान दहा स्त्रियांचा उल्लेख त्या एका अध्यायात येतो. तंबू शिवून चरितार्थ चालवणाऱ्या जोडप्यात प्रिस्केचे नाव तिच्या पतीच्या, अक्विलाच्या, आधी लिहिलेले आहे.

स्त्रियांना मिळालेल्या या मानाचे कारण, आमच्या मते, सिद्धान्तात शोधण्यापेक्षा वास्तूत शोधावे. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांना स्वतःची देवळे नव्हती. फिलिप्पै येथे जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या लुदियेच्या घरी किंवा नुंफा नावाच्या स्त्रीच्या घरी ते जमत, आणि उपासनेचा गाभाच जेथे एकत्र भोजन हा होता, तेथे यजमानीणबाईंचा शब्द डावलणे कोणाला शक्य होते?

या काळातील स्त्रियांपैकी स्वतःच्या शब्दांत आपल्यापर्यंत पोहोचलेली जवळजवळ एकटीच म्हणजे कार्थेजची विबिया पर्पेतुआ. घराणे खानदानी, शिक्षण उत्तम, वय सुमारे बावीस, अंगावर पिते मूल. 203 साली ख्रिस्ती म्हणून तुरुंगात असताना तिने जे टिपून ठेवले त्यात पतीचा अवाक्षरानेही उल्लेख नाही, परंतु पांढऱ्या केसांची आण घालणारा बाप पानोपानी आहे. सुनावणीच्या वेळी तो तान्ह्याला घेऊनच पुढे आला, सुभ्याचा कारभार पाहणाऱ्या हिलारियानसाने त्याला काठीने हाणवले, आणि तो तडाखा आपल्यालाच बसल्यासारखा वाटला असे ती लिहिते. शिक्षा ठोठावल्यावर बापाने मूल परत देण्याचे नाकारले. तेव्हा मुलाने दूध मागणे आपोआप सोडले आणि आपल्यालाही पान्ह्याचा ताठरा आला नाही, हे तिने इतक्या साध्या शब्दांत सांगितले आहे की त्यापुढे तिची दिव्य स्वप्नेसुद्धा फिकी पडावीत. तिच्याबरोबरची दासी फेलिसितास गरोदर होती. गर्भवतीस देहदंड देण्यास कायद्याची मनाई असल्यामुळे सोबत्यांपासून आपली ताटातूट होईल या धास्तीत असतानाच ती आठव्या महिन्यात तुरुंगातच प्रसूत झाली, आणि खानदानी बाई व दासी असा भेद न राहता 7 मार्च रोजी दोघी एकाच आखाड्यात गेल्या.

पुढे 313 नंतर धर्मास राजाश्रय मिळाला, उपासना घराच्या ओसरीवरून भव्य सभागृहांत गेली, आणि अधिकाराची पदे बिशपांच्या हाती एकवटली. पूर्वेकडे सेविकापद बराच काळ टिकले, कारण प्रौढ स्त्रियांचा बाप्तिस्मा वस्त्रे उतरवून व अंगास तेल लावून होत असे आणि तेथे पुरुषाचे काम नव्हते. बाळांचाच बाप्तिस्मा रूढ झाला तशी ती गरजही ओसरली. 441 साली गॉलमधील ऑरेंजच्या परिषदेने सेविकांस दीक्षा देऊ नये असा ठराव केला, तर 451 च्या खाल्सेदोन परिषदेने चाळिशीच्या आतील स्त्रीस ती देऊ नये एवढेच बंधन घातले.

पदे गेली तरी विद्या उरली. रोमच्या अॅव्हेंटाइन टेकडीवरील मार्सेलेच्या घरी विधवा व कुमारिका शास्त्राध्ययन करीत, आणि 382 साली आलेल्या धर्मपंडित जेरोमला, जो एरवी कोणाचीच भीड ठेवणारा नव्हता, तिच्या शंकांनी भंडावून सोडले. तो गेल्यावर वाद निवाड्यासाठी तिच्याकडे येत, पुरोहितांचेसुद्धा. परंतु स्त्री पुरुषांना शिकवते असा बोभाटा होऊ नये म्हणून ती स्वतःचे उत्तरही जेरोमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या नावावर सांगे. जेरोम या विनयाची तारीफ करतो. आम्हांस मात्र त्यात त्या काळाची सक्ती दिसते. तिची मैत्रीण पाउला मुलगी युस्तोखियम हिच्यासह बेथलेहेमला गेली, तेथे तिने मठ व यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली, आणि स्तोत्रे मुळातून गाता यावीत म्हणून हिब्रू शिकली, ती अशी की तिच्या उच्चारात लॅटिनची छटा राहिली नाही. 404 मध्ये ती वारली तेव्हा दानधर्मापायी झालेले कर्ज मुलीच्या माथी होते. जेरोमने अनेक ग्रंथ या मायलेकींस अर्पण केले, आणि त्यावरून नाके मुरडणाऱ्यांना त्याने दबोरा व हुल्दा या संदेष्ट्रींची आठवण करून दिली.

मूळ भाषा शिकून शास्त्रास भिडण्याची ही वाट महाराष्ट्रातही एका स्त्रीने चोखाळली. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदन या स्त्रियांच्या आश्रमाचा व्याप सांभाळून हिब्रू व ग्रीक आत्मसात केली आणि अवघे बायबल मराठीत आणले, तेही अल्पशिक्षित बायाबापड्यांना कळेल अशा भाषेत. प्रस्तुत लेखासारखी संस्कृतप्रचुर मराठी त्यांनी कदाचित पहिल्याच पानावर नापसंत केली असती. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या निवर्तल्या, आणि ज्या छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम सदनातल्याच स्त्रिया करीत, त्यातून तो ग्रंथ 1924 साली बाहेर पडला.